गावच्या लीगने नाकारलं, ऑलिम्पिकने सोनं दिलं: विनिपेग फाल्कन्सची गोष्ट

(पॉडकास्टच्या या भागाचा हा लेखी मजकूर. ज्यांना बसमध्ये, लोकलमध्ये इअरफोन लावता येत नाही किंवा ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जवळजवळ तसंच ठेवलंय.)



आज सुरुवात एका स्कोअरने करतो. १५-०. मग २-०. मग १२-१. तीन मॅच, तीन दिवस, एकूण २९ गोल केले आणि एक खाल्ला. वर्ष १९२०, ठिकाण बेल्जियममधलं अँटवर्प. ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच आइस हॉकी खेळली जात होती आणि सुवर्णपदक घेऊन गेली कॅनडाची टीम.

आता तुम्ही म्हणाल, कॅनडा आइस हॉकी जिंकला यात काय नवल? बरोबर. आपण कबड्डी जिंकलो म्हणण्यासारखंच ते. पण गंमत पुढे आहे. त्या टीममध्ये एकूण आठ खेळाडू होते आणि त्यातले सात आइसलँडहून आलेल्या स्थलांतरितांच्या घरातले. ज्या क्लबचे ते खेळाडू होते, त्या क्लबला त्याच हंगामात त्यांच्या स्वतःच्या शहरातल्या लीगने आत घेतलेलं नव्हतं. आपल्या गावात नको असलेली टीम, आणि छातीवर 'कॅनडा' लिहून ऑलिम्पिकला गेली.

हे झालं कसं? आजचा भाग त्यावर. क्लबचं नाव, विनिपेग फाल्कन्स.

आधी थोडा भूगोल

विनिपेग हे कॅनडाच्या बरोबर मधल्या पट्ट्यातलं शहर, मॅनिटोबा प्रांताची राजधानी. सपाट गवताळ प्रदेश, दोन नद्यांचा संगम, आणि थंडी अशी की जानेवारीत उणे तीस म्हटलं तर तिथले लोक मान वर करूनही बघत नाहीत. अशा गावात आइस हॉकीसाठी मैदान भाड्याने घ्यावं लागत नाही. परसात संध्याकाळी पाणी सोडायचं, सकाळी रिंक तयार. आपल्याकडे गल्लीत तीन विटा मांडून स्टंप होतात ना, तसं.

या गावात आइसलँडचे लोक कुठून आले? तर १८७५ मध्ये आइसलँडमध्ये आस्क्या नावाच्या ज्वालामुखीचा उद्रेक झाला. राखेने कुरणं झाकली गेली, जनावरांना चारा उरला नाही. त्याआधीही तिथे हाल होतेच, पण यानंतर लोक मोठ्या संख्येने बाहेर पडायला लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एक मोठा गट विनिपेग सरोवराच्या काठावर पोचला आणि तिथे त्यांनी वस्ती केली, 'न्यू आइसलँड'. मुख्य गावाचं नाव ठेवलं गिम्ली. त्यांच्या जुन्या पुराणकथांमध्ये सगळं जग जळून गेल्यावर उरलेले चांगले लोक ज्या जागी राहतात, ती ही गिम्ली. नाव ठेवताना त्यांच्या मनात काय असेल, कल्पना करा.

प्रत्यक्षात काय मिळालं? कडाक्याचा हिवाळा, आणि दुसऱ्याच वर्षी देवीची साथ. बरीच माणसं गेली. हळूहळू कित्येक कुटुंबं कामाच्या शोधात विनिपेग शहरात आली. मिळेल ती मजुरी. शहराच्या पश्चिम भागात सार्जंट अव्हेन्यू नावाचा रस्ता आहे, त्याच्या आसपास त्यांची घरं, चर्च, दुकानं. 'हाइम्सक्रिंग्ला' आणि 'लोगबर्ग' अशी दोन आइसलँडिक भाषेतली साप्ताहिकं इथूनच निघायची. म्हणजे परदेशात गेलेली माणसं करतात ते सगळं त्यांनी केलं. आपली भाषा, आपलं जेवण, आपली मंडळं, आणि आपसातली भांडणंसुद्धा.

शहरातले इंग्रजी बोलणारे लोक मात्र त्यांना खालच्या नजरेने बघायचे. त्यांच्यासाठी एक हिणवणारा शब्दही होता, 'गूली'. शाळेत पोरांना तो ऐकावा लागायचा. आपल्या गोष्टीचा हिरो फ्रँक फ्रेड्रिक्सन १८९५ मध्ये विनिपेगमध्येच जन्मला, पण सहा वर्षांचा होईपर्यंत त्याला इंग्रजी येत नव्हतं. घरात, गल्लीत सगळीकडे आइसलँडिकच. शाळेत गेल्यावर त्याला कळलं की आपण 'वेगळे' आहोत.

एक नावांची गंमत सांगतो. आइसलँडमध्ये आपल्यासारखी आडनावं नसतात. वडिलांचं नाव घ्यायचं, पुढे 'सन' म्हणजे मुलगा लावायचं. आपण मधलं नाव वडिलांचं लावतो, जवळजवळ तसंच. कॅनडात आल्यावर सरकारी कागदावर आडनाव हवंच, मग एका पिढीचं वडिलांचं नाव तिथेच गोठलं आणि पुढच्या सगळ्यांचं आडनाव झालं. फ्रेड्रिक्सन, जोहानेसन, हॅल्डरसन, फ्रिडफिन्सन. फाल्कन्सची यादी वाचली की कोण कुठला हे विचारावं लागत नाही. आणि हीच त्यांची अडचण होती. यादी वाचणाऱ्या सगळ्यांनाच ते कळायचं.

क्लब का काढला

१९११ मध्ये फाल्कन्स क्लब सुरू झाला. कारण साधं होतं. शहरातल्या चांगल्या क्लबांमध्ये या मुलांना जागा मिळत नव्हती, म्हणून त्यांनी आपला क्लब काढला. नाव घेतलं ससाण्याचं. ससाणा हा आइसलँडचा मानाचा पक्षी.

सुरुवात काही सिनेमासारखी झाली नाही. पहिल्या हंगामात टीम तळाला राहिली. पुढच्या वर्षी दुसऱ्या आइसलँडिक टीममधले चांगले खेळाडू यांच्यात आले आणि मग क्लबला धार आली. ही आपल्याकडचीच गोष्ट वाटते मला. एका गल्लीत दोन मंडळं, दोघांचे दोन गणपती. शेवटी कोणीतरी म्हणतं, अरे, एकत्र आलो तर निदान बाहेरच्यांशी तरी लढू.

इथे 'हौशी' म्हणजे अमॅच्युअर हा शब्द नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. आज आपण हौशी म्हणतो तेव्हा त्यात थोडं 'कच्चा' असं येतं. हौशी नाटक, हौशी फोटोग्राफर. तेव्हा तसं नव्हतं. हौशी म्हणजे खेळाचे पैसे न घेणारा, बस. दिवसा नोकरी किंवा कॉलेज, संध्याकाळी रिंक. दर्जा मात्र अव्वल. ज्या स्टॅन्ली कपसाठी आज कोट्यधीश खेळाडू झुंजतात, तोसुद्धा १८९३ मध्ये पहिल्यांदा दिला गेला तेव्हा हौशी टीमसाठीच होता. पुढे पैसे देऊन खेळाडू ठेवणारे क्लब वाढले, स्टॅन्ली कप त्यांच्याकडे गेला. मग हौशी टीमना मोठं बक्षीस राहिलं नाही म्हणून १९०८ मध्ये सर माँटेग्यू ॲलन यांनी नवा कप दिला, ॲलन कप. देशातला सगळ्यात चांगला हौशी सीनियर क्लब तो जिंकणार.

ॲलन कप लक्षात ठेवा. आपल्या गोष्टीची किल्ली तोच आहे.

मग युद्ध आलं

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. फाल्कन्सची बहुतेक टीम सैन्यात भरती झाली. मॅनिटोबात २२३ नंबरची एक बटालियन उभी राहिली होती, कॅनडातल्या स्कँडिनेव्हियन लोकांची. बरेच खेळाडू त्यात गेले. युरोपला रवाना होण्याआधीच्या हिवाळ्यात या बटालियनची हॉकी टीमसुद्धा विनिपेगमध्ये खेळत होती. अंगावर लष्कराचं नाव, आत तीच फाल्कन्सची पोरं.

फ्रेड्रिक्सन आणि कॉनी जोहानेसन पुढे वैमानिक झाले, दोघांनी इजिप्तमध्ये काम केलं. १९१८ च्या मे महिन्यात फ्रेड्रिक्सन अलेक्झांड्रियाहून 'लीसो कॅसल' नावाच्या जहाजाने निघाला होता. भूमध्य समुद्रात जर्मन पाणबुडीने टॉर्पेडो मारून ते जहाज बुडवलं. फ्रेड्रिक्सन व्हायोलिन वाजवायचा. असं सांगतात की त्याला वाचवलं तेव्हा तो रात्रीच्या कपड्यांत, होडीत, व्हायोलिन छातीशी धरून बसलेला होता. तो वाचला.

दोघं वाचले नाहीत. फ्रँक थॉर्स्टाइन्सन, ज्याला सगळे 'बस्टर' म्हणायचे, आणि जॉर्ज कंबर्स. दोघंही फाल्कन्सचे खेळाडू. घरी परत आले नाहीत.

इथे मी जरा थांबतो. कारण या गोष्टीच्या बऱ्याच व्हिडिओंमध्ये हा भाग पाच सेकंदांत संपतो, मागे व्हायोलिन वाजतं आणि पुढे मॅच. पण विचार करा. ज्या देशात तुम्हाला 'गूली' म्हणतात, त्या देशासाठी तुम्ही लढायला जाता. का? काहींना खरंच वाटत असेल की हा आपला देश. काहींना वाटलं असेल, आता तरी आपल्याला यांच्यातलं मानतील. बहुतेकांच्या मनात दोन्ही असणार. बाहेरून आलेल्या माणसाची देशभक्ती नेहमीच थोडी परीक्षा दिल्यासारखी होते. पेपर तोच, पण त्याला पासिंगचे मार्क जास्त.

परत आल्यावर दार बंद

१९१९ मध्ये वाचलेले खेळाडू परतले, टीम पुन्हा जमली. आता गणवेश घालून, दोन मित्र गमावून आलोय, आता काही बोलायला जागा नाही, असं कोणालाही वाटेल. पण विनिपेगच्या सीनियर लीगमध्ये फाल्कन्सना घेतलं नाही. शहरातल्या त्या टीममध्ये सुखवस्तू घरांतली मुलं खेळायची आणि त्यांनी आपलं वर्तुळ बंद ठेवलं.

यावर काय करता येतं? रडता येतं. पेपरात पत्र लिहिता येतं. सोडून देता येतं. फाल्कन्सनी चौथी गोष्ट केली. शेजारच्या गावांतल्या, म्हणजे ब्रँडन आणि सेलकर्कच्या टीमबरोबर मिळून दुसरी लीग उभी केली. तीन टीमची लीग! तीन टीममध्ये वेळापत्रक कितीसं होणार? पण लीग म्हणजे लीग. तिचा एक विजेता असतो, आणि त्या विजेत्याला पुढे खेळायचा हक्क असतो.

फाल्कन्स ती लीग जिंकले. मग मॅनिटोबाचा विजेता ठरवायला त्यांची गाठ पडली कोणाशी? ज्या लीगने नाकारलं, तिच्या विजेत्या टीमशी. म्हणजे जे नियमित हंगामात यांच्याशी खेळायला तयार नव्हते, त्यांना आता खेळावंच लागणार होतं. फाल्कन्सनी त्यांना हरवलं. मग फोर्ट विल्यमच्या टीमला हरवून ते पूर्वेकडे टोरोंटोला गेले. मार्च १९२० च्या शेवटी ॲलन कपची अंतिम लढत होती, समोर युनिव्हर्सिटी ऑफ टोरोंटो. दोन मॅच, दोन्हींचे गोल मिळवून निकाल. पहिली ८-३, दुसरी ३-२. एकूण ११-५. ॲलन कप फाल्कन्सचा.

नियमाला आडनाव वाचता येत नाही

आता किल्ली फिरवू या.

कॅनडाने त्या वर्षी ऑलिम्पिकला टीम पाठवायची ठरवली होती. आज आपण राष्ट्रीय टीम म्हणतो तेव्हा डोळ्यापुढे निवड समिती येते. पाच जण खोलीत बसतात, देशभरातले खेळाडू बघतात, यादी काढतात, आणि मग व्हॉट्सॲपवर आपण 'अमुकला का नाही घेतलं' म्हणून भांडतो. तेव्हा कॅनडात असं काही नव्हतं. नियम एका ओळीचा होता. जो क्लब ॲलन कप जिंकेल, तोच क्लब देशाचं नाव घेऊन जाईल. अख्खा क्लब, जसा आहे तसा.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस, त्यामुळे मला हे कंडिशनसारखं दिसतं. ॲलन कप जिंकला? हो असेल तर पाठवा. त्या ओळीत आडनाव नाही, भाषा नाही, वडील काय करतात हे नाही. नियम स्कोअर वाचत होता, यादी वाचत नव्हता. निवड समिती असती तर काय झालं असतं, सांगता येत नाही. पण जे लोक त्यांना लीगमध्ये घेत नव्हते, तसेच लोक त्या खोलीत बसले असते तर? आठपैकी सात आइसलँडिक नावं त्या यादीत आली असती का? मला नाही वाटत.

पण थांबा, लगेच नियमाची आरती ओवाळू नका. तोच नियम आधी काय करत होता? लीगमध्ये प्रवेशच नसेल तर ॲलन कपपर्यंत जाणार कसे? आंधळा नियम न्याय्य असतो, पण त्याच्यापर्यंत पोचायचं दार उघडं असेल तरच. आपण डेटाबद्दल म्हणतो ना, जे आत घेतलंच नाही त्याचा हिशोब कुठेच लागत नाही. फाल्कन्सचं मोठेपण मला इथे वाटतं. ते चांगले खेळत होते, हे तर आहेच. पण दार बंद दिसल्यावर त्यांनी बाजूला दुसरं दार पाडलं, आणि ते नियमाच्या चौकटीतच पाडलं, म्हणजे पुढे कोणाला 'तुमचं चालत नाही' म्हणता येणार नाही.

सुतार, जहाज आणि हॉकी स्टिक

ॲलन कप संपला आणि ऑलिम्पिक तीन-चार आठवड्यांवर. विनिपेगला घरी जाऊन बॅग भरून यायलाही वेळ नव्हता. रेल्वेने तीच टीम टोरोंटोहून अजून पूर्वेला, सेंट जॉन बंदरात गेली आणि 'मेलिटा' नावाच्या जहाजात बसली. स्टिक पुरेशा नव्हत्या. मग वाटेत माँट्रियलमध्ये लाकूड विकत घेतलं आणि जहाजावरच्या सुताराने त्यातून दोन डझन स्टिक करून दिल्या. आज एका स्टिकला कंपनीचा करार असतो. यांच्या स्टिक अटलांटिक महासागराच्या मध्यावर रंधा मारून तयार झाल्या.

आठ जणांची नावं सांगतो, कारण ती सांगायला हवीत. गोलकीपर वॉली बायरन. बचावाला बॉबी बेन्सन आणि कॉनी जोहानेसन. पुढे कॅप्टन फ्रँक फ्रेड्रिक्सन, माइक गुडमन, स्लिम हॅल्डरसन, क्रिस फ्रिडफिन्सन आणि हक वुडमन. आइसलँडिक नसलेला एकटा वुडमन. कोच गॉर्डन सिगुर्यॉन्सन.

त्या काळच्या आणि आजच्या खेळात फरक होता. आज बर्फावर एका बाजूला गोलकीपर धरून सहा जण असतात, अँटवर्पला सात होते. सातवा म्हणजे 'रोव्हर', सगळीकडे फिरणारा. आज वीस-वीस मिनिटांचे तीन भाग असतात, तिथे वीस मिनिटांचे दोनच. आणि ही स्पर्धा झाली एप्रिल महिन्यात, उन्हाळी ऑलिम्पिकचा भाग म्हणून. हिवाळी ऑलिम्पिक हा प्रकार अजून सुरूच व्हायचा होता. तो आला १९२४ मध्ये, फ्रान्सच्या शामोनीला.

अँटवर्पच्या बर्फमहालात सात देश होते. कॅनडा, अमेरिका, चेकोस्लोव्हाकिया, स्वीडन, स्वित्झर्लंड, फ्रान्स आणि यजमान बेल्जियम. २४ एप्रिलला चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध १५-०. चेक लोकांना हा खेळ अजून नवा होता. २५ एप्रिलला अमेरिका, आणि ही खरी फायनल. अमेरिकेच्या टीममध्येही काही मूळचे कॅनडात जन्मलेले खेळाडू होते, त्यामुळे दोघांना एकमेकांचे डाव माहीत. गोल होईना. शेवटी फ्रेड्रिक्सनने एक मारला, जोहानेसनने दुसरा. २-०. युद्धात विमान चालवलेल्या दोघांनी ती मॅच काढली.

२६ एप्रिलला स्वीडन. १२-१. त्यातले सात एकट्या फ्रेड्रिक्सनचे. आणि तो '१' हा कॅनडाने संपूर्ण स्पर्धेत खाल्लेला एकमेव गोल. जोहानेसनने नंतर सांगितलेली आठवण अशी आहे की स्वीडिश खेळाडू त्यांना फार आवडले होते, म्हणून त्यांनी तो एक गोल होऊ दिला. गोल झाल्यावर स्वीडिश मंडळींनी असा जल्लोष केला की जिंकलं कोण ते कळेना. बारा मारून एक देणाऱ्याला असं बोलणं परवडतं, हे खरं. पण गोष्ट गोड आहे.

थोडं आपल्याकडचं

एक जोड सांगतो, कारण हे मला वाचताना सापडलं आणि मी खुर्चीत सरळ बसलो. त्याच १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला उन्हाळ्यात भारतातूनही एक छोटी टीम गेली होती. सर दोराबजी टाटांनी पुढाकार घेतला होता आणि पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांमधून धावणारे पुढे आले होते. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. रणधीर शिंदेस हे पैलवान कुस्तीत ब्राँझच्या अगदी जवळ जाऊन थांबले.

फाल्कन्स एप्रिलमध्ये खेळून गेले, आपली माणसं ऑगस्टमध्ये पोचली. भेट झाली नाही. पण एकाच शहरात, एकाच वर्षी, दोन वेगळ्या टोकांहून अशी माणसं येऊन गेली, ज्यांना जगाच्या यादीत अजून कोणी फारसं मोजत नव्हतं. बेळगावहून, पुण्याहून गेलेले ते लोकही दुसऱ्याच्या साम्राज्याचे प्रजाजन होते. फाल्कन्स जिंकले म्हणून त्यांची गोष्ट निदान उरली. आपल्या त्या माणसांवर कधीतरी एक वेगळा भाग करायलाच हवा.

जिंकल्यावर

मे महिन्यात विनिपेगने फाल्कन्सचं जंगी स्वागत केलं. मिरवणूक, भाषणं, मेजवानी. ज्या गावात यांच्याशी खेळायला लोक तयार नव्हते, तेच गाव रस्त्यावर उतरलं होतं. जिंकलेल्याला सगळे आपला म्हणतात.

क्लबचं पुढे काय झालं? मोठी टीम फुटली. जे हौशी खेळाचं सगळ्यात मोठं बक्षीस होतं तेच जिंकून झालं होतं, आणि पैसे देणारे क्लब दाराशी उभे होते. फ्रेड्रिक्सन आधी आइसलँडला गेला. आइसलँडमध्ये पहिलं विमान १९१९ मध्ये उडालं होतं, आणि १९२० च्या उन्हाळ्यात तेच विमान फ्रेड्रिक्सन उडवत होता. आईबापांनी जहाजाने सोडलेल्या देशात पोरगा विमान उडवायला गेला. नंतर तो व्यावसायिक हॉकीत आला. १९२५ मध्ये व्हिक्टोरिया कूगर्सनी स्टॅन्ली कप जिंकला, त्या टीममध्ये फ्रेड्रिक्सन आणि हॅल्डरसन दोघंही होते. १९५८ मध्ये फ्रेड्रिक्सनचं नाव हॉकी हॉल ऑफ फेममध्ये गेलं. आणि 'फाल्कन्स' हे नाव १९२१ मध्ये पुन्हा गाजलं. विनिपेगच्या ज्युनियर फाल्कन्सनी देशाचा ज्युनियर कप, मेमोरियल कप जिंकला.

क्लबलाच देश म्हणून पाठवायची पद्धत मात्र पुढे चाळीसेक वर्षं टिकली. १९२४ ला टोरोंटो ग्रॅनाइट्स, १९३२ ला विनिपेग हॉकी क्लब, असे क्लब ऑलिम्पिक जिंकून आले. १९६१ मध्ये ट्रेल नावाच्या छोट्या गावातल्या 'स्मोक ईटर्स' या क्लबने जागतिक स्पर्धा जिंकली. हौशी क्लबने कॅनडासाठी जग जिंकल्याची ती शेवटची वेळ. तोपर्यंत सोव्हिएत संघाची टीम वर्षभर एकत्र सराव करून यायची, तिच्यापुढे नोकरी सांभाळून खेळणारे कुठे पुरणार? १९६३ पासून फादर डेव्हिड बाउअर यांनी कायमची राष्ट्रीय टीम बांधायला घेतली. म्हणजे निवड आली.

आणि फाल्कन्स विस्मरणात गेले. पहिलं हिवाळी ऑलिम्पिक १९२४ चं, म्हणून पहिले विजेते ग्रॅनाइट्स असंच बरीच वर्षं लोक समजायचे. नंतर आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने अँटवर्पच्या त्या स्पर्धेला पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा म्हणूनही मान्यता दिली. २००४ च्या वर्ल्ड कपमध्ये कॅनडाच्या टीमने फाल्कन्सच्या धाटणीची जर्सी घातली. २०१४ मध्ये त्यांच्यावर एका मिनिटाची 'हेरिटेज मिनिट' फिल्म आली. मला या क्लबचा पत्ता त्या फिल्ममुळेच लागला.

जाता जाता, कॉनीची मॅच

शेवटची गोष्ट कॉनी जोहानेसनची, कारण ती माझी सगळ्यात आवडती.

युद्धानंतर कॉनी विनिपेगमध्ये विमान चालवायला शिकवायचा. त्याला शहराजवळ वेस्ट सेंट पॉल भागात छोटा विमानतळ करायचा होता. तिथल्या नगरपालिकेने नियम काढला, इथे विमानतळ चालणार नाही. पुन्हा तेच. आमच्या हद्दीत नको. कॉनी कोर्टात गेला, खाली हरला, वर गेला. १९५२ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हवाई वाहतूक हा संपूर्ण देशाचा विषय आहे, त्यावर नियम करायचा अधिकार केंद्र सरकारचा, नगरपालिकेला तो अडवता येणार नाही. हा खटला आजही कॅनडात कायदा शिकणाऱ्यांना वाचावा लागतो. त्यांच्यातल्या कितीजणांना माहीत असेल की या जोहानेसनने अमेरिकेविरुद्ध ऑलिम्पिकमध्ये गोल मारला होता?

बघा, पद्धत तीच. १९१९ मध्ये लीगने दार लावलं, दुसऱ्या लीगमधून वर गेले. पुढे नगरपालिकेने दार लावलं, १९५२ मध्ये वरच्या कोर्टातून उघडून घेतलं.

आता ही गोष्ट सांगून मी 'मेहनत करा, यश मिळेल' म्हणणार नाही. ते तुम्हाला रोज रील्समध्ये ऐकायला मिळतं. माझ्या डोक्यात वेगळाच प्रश्न राहिलाय. फाल्कन्स त्या ॲलन कपच्या फायनलमध्ये हरले असते तर? बस्टर आणि जॉर्ज तरीही गेलेच असते. मुलं तितकीच चांगली असती. फक्त आज कोणी त्यांच्यावर पॉडकास्ट केला नसता, आणि लीगने दार लावलं हे कोणाला चुकीचंही वाटलं नसतं. सुवर्णपदक मिळालं म्हणून आपण म्हणतो, अरे, यांच्यावर अन्याय झाला होता. अन्याय तर पदकाआधीच होता ना?

तेव्हा तुमच्या ऑफिसमध्ये, कॉलेजात, सोसायटीच्या क्रिकेट टीममध्ये कोणाला 'आपल्यातला नाही' म्हणून बाहेर ठेवलं जात असेल, तर तो पुढे काय जिंकणार आहे याची वाट बघू नका. आधी खेळायला घ्या. हरला तर हरला.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावात असा कोणी क्लब, मंडळ, तालीम असेल, ज्यांना कोणी घेतलं नाही म्हणून त्यांनी स्वतःचं काढलं, तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात ऐकवीन. तोपर्यंत काळजी घ्या.